ब्लॉगवर माणसं आणायची कुठून?

या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यात ब्लॉगवाल्यांचीच पत्रं जास्त निघाली, सातारा-सांगली दोन्हीकडची, आणि फिरून फिरून सगळ्यांचं म्हणणं एकच की लिहितोय भरपूर पण वाचतंय कोण. दुसऱ्या ब्लॉगरबरोबर मिळून काही केलं तर फरक पडेल का, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. म्हणून बाकीचे प्रश्न (सासवा-सुना, न फुलणारा मोगरा वगैरे) पुढच्या अंकात. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

ताई, नमस्कार. मी माणदेशी पदार्थांवर ब्लॉग लिहिते, माडगं, शेंगोळी, खरडा, बाजरीचं जे जे होतं ते सगळं. वाचणारे म्हणजे माहेरचे, सासरचे आणि शाळेतल्या मैत्रिणी. मग एका व्हॉट्सॲप ग्रुपात शिरले, तिथं सगळे ब्लॉगरच, एकमेकांच्या लिंक उघडायच्या आणि 'छान लिहिलंय' अशी कमेंट टाकायची. आकडे वाढले हो, पण कुणी वाचत नाही, शेंगोळ्याच्या पोस्टखाली एकीनं 'केक मस्त' लिहिलंय. ह्यालाच कोलॅबोरेशन म्हणतात का?
— एक भगिनी, दहिवडी

नाही हो. ही झाली भिशी, प्रत्येकीनं तेवढेच घातले आणि तेवढेच उचलले, बाहेरचा रुपया काही आत आला नाही. 'केक मस्त' वालीला थँक्यू म्हणा आणि ग्रुप म्यूट करून टाका.

तुमचा वाचक त्या ग्रुपात नाहीच्चे. तिथं सगळे लिहिणारे आहेत आणि प्रत्येकाला स्वतःची लिंक टाकायची घाई आहे. आधी हे बघा की तुमची पोस्ट ज्याच्या कामाची आहे तो माणूस आत्ता कुठं काय वाचत बसलाय. रेसिपीवाली म्हटली की दुसरी रेसिपीवाली शोधते, ते चुकीचं नाही पण त्यातून फार काही हाती लागत नाही, कारण दोघींचे वाचक तेच आणि पुरणपोळीही तीच. विषय वेगळा पण गाव एक, किंवा विषय वेगळा पण वाचक एक, अशी जोडी शोधा. तुमच्याच भागात महिमानगड, वारूगड, पलीकडं संतोषगड, भूषणगड आहेत, त्यावर लिहिणारी पोरं आहेत, त्यांच्या पोस्टी वाचून पुण्याकडनं लोक गाड्या काढून येतात, गड उतरतात आणि भुकेले होऊन बिस्किटाचा पुडा फोडतात. त्यांना माणात खायचं काय आणि मागायचं काय हे तुमच्यापेक्षा चांगलं कोण सांगणार? तसंच चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला माणूस लोटतो, त्या देवस्थानांवर, कावडींवर लिहिणारे आहेत. आणि २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं तेव्हापासून बाजरी-नाचणीच्या गुणांवर लिहिणारे पैशाला पासरी झालेत, पण त्यातल्या कितीजणींना बाजरीची भाकरी न मोडता थापता येते हे मला जरा बघायचंय! अशा एखाद्या आहारतज्ज्ञ बाईंना तुमच्यासारखी हवीच असते, त्यांनी गुण सांगायचे, तुम्ही भाकरी दाखवायची.

आता पहिला निरोप कसा धाडायचा. 'हाय, कोलॅब करूया का' असं लिहू नका, असे निरोप लोक न उघडता पुसतात, मीही पुसते. आधी त्या माणसाचं खरंच वाचा, कमेंटसकट वाचा. आणि मग असं काहीतरी लिहा:

"नमस्कार. तुमची वारूगडाची पोस्ट वाचली. खाली दोघांनी विचारलंय की जेवणाची सोय कुठं होते, त्यांना अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. मी दहिवडीची, इकडच्या जेवणावर लिहिते. 'गड उतरल्यावर माणात काय खावं' असा सातशे-आठशे शब्दांचा मजकूर मी तुमच्या ब्लॉगसाठी लिहून देते, फोटो माझेच, कुठं कात्री लावायची ती तुम्ही लावा. माझ्या शेंगोळ्याच्या पोस्टची एक लिंक त्यात असू द्या, बाकी काही नको. नाही जमलं तरी हरकत नाही."

ह्यात त्याचं काम काहीच नाही, उलट त्याच्या वाचकांचा अडलेला प्रश्न सुटतोय आणि काय मिळणार, काय द्यायचं हे पहिल्याच निरोपात उघड आहे. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, त्यापुढं नाद सोडा. आणि लाखो वाचक असलेल्यांच्या मागं लागू नका, तिथं तुमचा निरोप पोचतच नाही. तुमच्यापेक्षा थोडाच मोठा असलेला आणि कमेंटला स्वतः उत्तर देणारा गाठा. जो स्वतःच्या वाचकांशी बोलत नाही त्याच्याकडून तुमच्याकडं कुणी चालत येणार नाही.

आम्ही सांगली-मिरज-कराड भागातले पाच जण ब्लॉग लिहितो. एक देवळांवर, एक शेतीवर, एक पक्ष्यांवर, एक जुन्या नाटकांवर, आणि मी आपलं जे सुचेल ते. सगळ्यांनी आपापल्या ब्लॉगच्या कडेला बाकीच्यांच्या लिंक लावल्या. सहा महिने झाले, तिथनं कुणी फिरकलेलं नाही. आता काय करावं?
— एक वाचक, सांगली

कडेची पट्टी आता कोण बघतं दादा? लोक मोबाईलवर वाचतात आणि मोबाईलवर ती पट्टी घसरून पार तळाला जाते, पोस्ट संपली, कमेंट संपल्या, त्याच्याही खाली. तुमच्या पाच लिंक तिथं निवांत पडून असतील.

पण पाच जण आहात आणि पाचही जणांच्या उंबऱ्याला एकच नदी लागून आहे, हे भाग्य आहे बघा. कृष्णेवर मालिका करा. मला तर हे इतकं सरळ दिसतंय की अजून कुणी कसं केलं नाही याचंच नवल वाटतं (केलं असेल आणि माझ्या बघण्यात नसेल तर कळवा). महाबळेश्वरात उगम, मग वाईचे घाट आणि तिथला कृष्णाबाईचा उत्सव, मग संगम माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना मिळते तो प्रीतिसंगम, पुढं भिलवडीजवळ औदुंबर, मग सांगली, आणि हरिपूरला वारणा. देवळांवाल्यानं माहुली किंवा औदुंबर घ्यावं. पक्षीवाल्याला नदीकाठ आख्खा मोकळा आहे. शेतीवाल्यानं उसाचं आणि मळीच्या जमिनीचं लिहावं, पाणी वर आलं की पिकाचं काय होतं तेही. नाटकवाल्याला तर सांगलीतच बसायचंय, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' इथंच उभं केलं. राहिलात तुम्ही, जे सुचेल ते लिहिणारे, तर तुम्ही आयर्विन पूल घ्या. १९२९ सालचा पूल, पावसाळा लागला की आख्खी सांगली त्याचीच पाणीपातळी विचारत असते, ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका हे इथं शाळेतली पोरंसुद्धा सांगतात, २००५, २०१९, २०२१ चं प्रत्येकाकडं काही ना काही सांगण्यासारखं आहे. घरोघरी भिंतीवर पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा आहेत, त्या फिरून टिपल्यात तर ती पोस्ट दर जून-जुलैला पुन्हा वाचली जाईल.

आता ह्यात लिंक कशी काम करते बघा. वाईची पोस्ट जिथं संपते तिथं नदी संपत नाही, तर शेवटच्या ओळीत लिहायचं की इथनं खाली माहुलीत काय होतं ते अमक्यानं लिहिलंय, आणि तिथं लिंक. वाचणारा आपोआप खाली सरकतो. नुसत्या पाहुण्या लिंकेपेक्षा ह्यात फरक हा की वाचणाऱ्याला पुढं जायचंच असतं.

दोन-तीन गोष्टी मात्र आधी बसून ठरवा, चहाला भेटा कुठंतरी, फोनवर हे होत नाही. सगळ्यांनी एकाच आठवड्यात टाकायचं, रोज एक. उशीर करणारा एक जण पाचात असतोच, म्हणून पाचही लेख लिहून हातात आल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. एकानं संपादक व्हायचं, आणि तो सगळ्यात चांगलं लिहिणारा असावा लागत नाही, फोन उचलणारा असावा लागतो. आणि सगळ्या भागांची यादी प्रत्येक पोस्टच्या वर, तळाला नको. वेळेचं म्हणाल तर पूर यायच्या आत टाका, मे अखेर नाहीतर जूनच्या सुरुवातीला. हेच सातारकरांनाही सांगते, कासची फुलं ऑगस्ट अखेर-सप्टेंबरात असतात म्हणून पोस्ट सप्टेंबरात टाकाल तर उशीर झाला, लोक बुकिंग आधी बघतात.

मी तासगावचा, द्राक्षबागेवर लिहितो. मला सारखे मेल येतात, 'तुमच्या ब्लॉगसाठी उत्तम लेख फुकट लिहून देतो, फक्त आमची एक लिंक ठेवा.' काहीजण पैसेपण देतो म्हणतात. हे गेस्ट पोस्ट, म्हणजे पाहुण्याचा लेखच आहे ना? आणि मी दुसऱ्याकडं लिहायचं झालं तर चांगला लेख त्यांना द्यावा का स्वतःकडं ठेवावा?
— एक शेतकरी, तासगाव

तसले मेल सरळ कचऱ्यात. त्यांना तुमचे वाचक नकोत, तुमच्या ब्लॉगवरून निघणारी लिंक हवीय, म्हणजे गूगलला वाटावं की त्यांची साइट भारी आहे. लेख बघा उघडून एकदा, द्राक्षाच्या ब्लॉगसाठी पाठवलेल्या लेखात मधेच कुठल्यातरी कर्जाच्या नाहीतर ऑनलाइन जुगाराच्या साइटची लिंक सापडेल. गूगलच्या स्पॅमच्या नियमांत लिंक विकणं-घेणं आहे, ढिगानं गेस्ट पोस्ट पाडणं आहे, आणि 'तू माझी लाव मी तुझी लावतो' ह्याचा अतिरेकही आहे. जाहिरातीची लिंक ठेवायला बंदी नाही, पण तिच्यावर तशी खूण लागते, 'नोफॉलो' (ही लिंक मोजू नको असं गूगलला सांगणारी) ही खूण २००५ पासून आहे आणि २०१९ ला खास पैशाच्या लिंकांसाठी 'स्पॉन्सर्ड' आली. मेलवाल्याला कळवा की मी ही खूण लावणार, परत मेल येणार नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर बऱ्याच लोकांना पटत नाही, पण चांगला लेख त्यांनाच द्या. उरलंसुरलं पाहुण्याच्या ताटात वाढलं तर तिथले वाचक तुमच्याकडं कशाला येतील? फक्त तोच लेख दोन्हीकडं टाकू नका. सारखाच मजकूर दोन ठिकाणी दिसला की गूगल साधारण एकच दाखवतं आणि ते मोठ्याचं दाखवायची शक्यता जास्त, तुम्ही स्वतःच्याच लेखामागं लपून बसाल. एखाद्याला तुमचा जुना लेख जसाच्या तसा हवाच असेल तर त्याला त्याच्या पानावर 'नोइंडेक्स' (हे पान शोधात दाखवू नको असं सांगणारी खूण) लावायला सांगा, म्हणजे शोधात तुमचंच येईल.

त्यापेक्षा विभागून लिहा. समजा ठिबकवर नाहीतर हवामानावर लिहिणारा कुणी आहे, त्याच्यासाठी 'ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला तर डाऊनीला (केवडा रोगाला) कसं आवरायचं' हे सगळं मनापासून लिहून द्या, हातचं काही न राखता. आणि तुमच्या ब्लॉगवर त्याच बागेची तारखेवार डायरी ठेवा, कधी काय मारलं, किती खर्च आला, घड कसे निघाले, फोटोसकट. लेखाच्या शेवटी लिंक त्या डायरीचीच द्या. लोक ब्लॉगच्या पहिल्या पानाची लिंक देतात, तिथं येणाऱ्याला काय वाचावं कळत नाही आणि तो तसाच परत जातो. लेख लागला की तिथं आठवडाभर तुम्ही स्वतः कमेंटना उत्तरं द्यायची. शेतकरी एक शंका विचारतो, तिला नीट उत्तर मिळालं की दुसरी विचारायला तो तुमच्या घरी येतो.

मी आणि माझ्या मित्रानं मिळून मिरजेतल्या सतार-तंबोरा करणाऱ्या कारागिरांवर लेखमाला केली. लिहिलं मी, फोटो त्यानं काढले. आता त्यानं तेच फोटो एका हॉटेलाला भिंतीवर लावायला विकले. मला विचारलंसुद्धा नाही. फोटोंवर माझा काहीच हक्क नाही का?
— एक वाचक, मिरज

वाईट वाटणं साहजिक आहे, पण फोटोंपुरतं बोलायचं तर तुमचा हक्क नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं ज्यानं काढला त्याचा फोटो, पैसे देऊन कुणी काढून घेतला असेल किंवा नोकरीत काढला असेल तर गोष्ट वेगळी, आणि तुम्ही त्याला पैसे दिलेले पत्रात दिसत नाही. तसाच तुमचा मजकूर तुमचा. त्यानं उद्या तुमचे परिच्छेद उचलून हॉटेलाच्या पत्रकात छापले तर तुम्ही आडवे जाऊ शकता.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करून द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात. तुमच्यात लेखी काही नाही, तेव्हा त्याचे फोटो तुमच्या ब्लॉगवर पुढंही राहणार का, हेसुद्धा आत्ताच विचारून घ्या, नाहीतर एक दिवस तो म्हणेल काढ आणि लेखमालेत नुसत्या मोकळ्या चौकटी राहतील. भांडण व्हायच्या आत एक पानभर लिहा दोघं मिळून: कुणाचं काय, कोण कुठं वापरणार, नाव कसं लावायचं, पैसे आले तर वाटणी कशी. साधा कागद आणि दोन सह्या, नाहीतर निदान मेलवर दोघांचं 'हो'. प्रकरण चिघळलं असेल तर वकील गाठा, मी मासिकातून एवढंच सांगू शकते.

मला खटकलं ते वेगळंच. ज्या कारागिराच्या हातातला सतारीचा भोपळा फोटोत आहे त्याला कुणी विचारलं का? त्यानं लेखासाठी फोटो काढू दिला, हॉटेलाच्या भिंतीसाठी नाही. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्या गल्लीत कॅमेरेवाल्यांची ये-जा वाढलीय, आणि त्यातले कितीजण छापून आलेलं परत नेऊन दाखवतात कुणास ठाऊक. मित्राला म्हणा, पैशातला हिस्सा मला नको पण त्यांना दे. बघा काय म्हणतो ते. पुढं त्याच्याबरोबर काम करायचं की नाही हे त्या उत्तरावरनं ठरवा.

आम्ही दोन ब्लॉगर मैत्रिणींनी मिळून पाचगणीच्या एका रिसॉर्टवर लिहिलं. राहणं-जेवण त्यांनी फुकट दिलं, रोख पैसे नाहीत. तरी सांगावं लागतं का?
— दोघी मैत्रिणी, वाई

लागतं. रोख असो नाहीतर खोली, मिळालं ते मिळालंच. जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ चे आहेत, केंद्राच्या ग्राहक खात्यानं जानेवारी २०२३ ला पुन्हा सांगितलंय, त्यात फुकट राहणं, फुकट वस्तू सगळं येतं. पोस्टच्या वरतीच, साध्या मराठीत, वाचणाऱ्याला लगेच दिसेल असं लिहा, तळाला बारीक अक्षरात नको. आणि दोघींच्याही ब्लॉगवर लिहा, एकीनं सांगितलं म्हणून दुसरी सुटत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेला दंड दहा लाखांपर्यंत आहे. शिवाय जेवण बेचव होतं तर तेही लिहा की.

मिळून काही केलं तर त्याचा उपयोग झाला की नाही हे ओळखायचं कसं? माझे आकडे एका दिवशी उडाले आणि दुसऱ्या दिवशी जागेवर.
— एक वाचक, कराड

पहिल्या दिवसाचा आकडा बघूच नका, ती जत्रा असते. महिन्यानं बघा की त्या ब्लॉगवरनं आलेल्यांपैकी किती जणांनी दुसरी पोस्ट उघडली, किती जणांनी ईमेल दिला. ब्लॉग गूगलच्या 'ब्लॉगर'वर असेल तर तिथल्या आकडेवारीत कुठल्या पत्त्यावरनं लोक आले ते दिसतं, गूगल ॲनालिटिक्समध्ये जास्त नीट दिसतं. एक गोम आहे, व्हॉट्सॲपवरनं आलेले बरेचसे 'डायरेक्ट' म्हणून मोजले जातात, म्हणजे ते कुठनं आले हे कळत नाही. त्यासाठी प्रत्येक सोबत्याला द्यायच्या लिंकेच्या शेपटाला यूटीएम टॅग (माणूस कुठनं आला ते सांगणारी चिठ्ठी) जोडा, फुकट होतं, आणि मग कोण कुठनं आलं ते वेगवेगळं दिसतं. आलेल्यातले पाचच जण महिन्यानंतरही वाचत असतील तर त्याच माणसाबरोबर परत काम करा. हजार आले आणि एकही थांबला नाही तर तुमची आणि त्याची मंडळी वेगळी आहे, त्यात कुणाचा दोष नाही, दुसरा सोबती बघा.

आता ब्लॉग कोण वाचतंय, सगळे रीलवर. आमच्या गावातल्या एका रीलवाल्या पोराबरोबर जोडी जमवावी का?
— एक वाचक, विटा

जमवा की. पण इन्स्टाग्रामवर त्याच्या रीलखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही, हे लक्षात ठेवा, नुसतं 'लिंक खाली दिलीय' म्हणून उपयोग नाही. स्टोरीत लिंकचं स्टिकर लावायला सांगा, आणि स्टोरी चोवीस तासांत जाते म्हणून ती हायलाइटमध्ये (प्रोफाइलवर टिकून राहते तिथं) ठेवायचं आधीच कबूल करून घ्या. महिनाभर त्याच्या प्रोफाइलवरही तुमची लिंक राहू द्या. आणि रीलमध्ये त्यानं सगळंच सांगून टाकायचं नाही. विट्याच्या यंत्रमागावर करणार असाल तर मागाचा आवाज आणि हात त्यानं दाखवावेत, मजुरी कशी ठरते, सूत कुठनं येतं हे तुम्ही लिहा.